पाच हजार सातशेच्या आत

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वाहन’ हा विषय मुक्रर केला, तेव्हा बैलगाडी, टांगा, एस.टी. आणि लोकल या परिचित वाहनांवर ज्येष्ठ लेखकांनी अगोदरच हक्क सांगून ठेवला होता, आणि माझ्या वाट्याला आकाश तेवढे उरले होते. आकाशातल्याही मोठ्या प्रवासी विमानांविषयी मराठी वाचकाला आता नवलाई राहिलेली नाही. पण कारखानदार, मंत्री, इस्पितळाच्या खाटेवरून उचलून आणलेले रुग्ण आणि क्वचित मुहूर्त टळू नये म्हणून धावणारी श्रीमंत वऱ्हाडे ज्या आठ-नऊ आसनांच्या, दोन पंख्यांच्या लहान विमानांतून जातात, ती विमाने कोण चालवतो, त्याला ती चालवण्याची सनद कोण आणि कशाच्या आधारावर देतो, आणि सनद हाती आल्यावर त्याचा दिवस कसा जातो, याविषयी आपल्याकडे फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. म्हणून जुहूला गेलो.

जुहू हा हिंदुस्थानातला पहिला नागरी विमानतळ. १९२८ साली तो सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेली डाक घेऊन जे. आर. डी. टाटा अहमदाबादमार्गे आपल्या पुस मॉथ विमानातून येथेच उतरले. या टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेल्या वैमानिकी परवान्यावर क्रमांक होता १. पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ इतका जवळ झाला की १९५३ साली एका ब्रिटिश कॉमेटने आणि १९७२ साली एका जपानी डीसी-८ विमानाने सांताक्रूझ समजून जुहूच्याच आखूड धावपट्टीवर पाय टेकले. आज येथे मुख्यत्वे समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांची वर्दळ असते. परंतु हँगरांच्या रांगेत मधूनच एखादे दोन पंख्यांचे विमान दुरुस्तीसाठी वा मालकाच्या प्रतीक्षेत उभे असते, आणि त्याच्या पंखाच्या सावलीत त्याचे वैमानिक.

मला भेटलेले कॅप्टन पन्नाशी ओलांडलेले, मूळचे सातारा भागातले, बोलण्यात मोजके आणि हिशेबात पक्के. त्यांची सहवैमानिक एक तरुण मुलगी, गोंदियाजवळच्या बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत शिकून आलेली. नावे छापू नयेत अशी दोघांचीही अट होती, कारण या व्यवसायात मालक थोडे, वैमानिक थोडे आणि कान फार.

यंत्राचा स्वभाव

त्यांच्या हाती असलेले विमान म्हणजे बीचक्राफ्टचे किंग एअर, नमुना बी-२००. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या विचिटा नगरीत वॉल्टर आणि ऑलिव्ह अ‍ॅन बीच या दाम्पत्याने १९३२ साली ही कंपनी काढली. वॉल्टरच्या निधनानंतर १९५० पासून कारभार ऑलिव्ह अ‍ॅनबाईंकडे आला, आणि त्यांच्याच अमदानीत, १९६४ साली, पहिले किंग एअर ग्राहकाच्या हाती पडले. त्यानंतर या कुळातली सात हजारांहून अधिक विमाने निघाली. धाकटे सी-९०, मधले २००, थोरले ३५०, अशी त्यांची भावंडे. आपल्याकडे अनेक राज्य सरकारांच्या, उद्योगसमूहांच्या आणि रुग्णवाहू सेवांच्या पदरी त्यांपैकी एखादे तरी असते किंवा पूर्वी होते.

या विमानाचे इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचे पीटी-६, १९६१ साली प्रथम आकाशात गेलेले आणि अद्यापही निवृत्त न झालेले. त्याचे वैशिष्ट्य कॅप्टनांनी मला असे समजावून दिले: समोरासमोर दोन टेबल-पंखे ठेवून एकच चालू करावा आणि त्याच्या वाऱ्यावर दुसऱ्याने फिरावे, तसे आत तप्त वायू निर्माण करणारे चक्र वेगळे आणि बाहेरचा पंखा फिरवणारे चक्र वेगळे, दोहोंमध्ये लोखंडाचा सांधा नाही, केवळ वायूचा. हवा मागच्या बाजूने आत येते आणि धूर पुढच्या बाजूने, पंख्याच्या जवळून, बाहेर पडतो, म्हणजे सारा प्रवास उलटा. या रचनेमुळे इंजिन सुरू होताना जड पंख्याचा भार आतल्या चक्रावर येत नाही.

सुरू करण्याचा विधी मी उजव्या आसनामागे वाकून उभा राहून पाहिला. प्रवाशांचे दार डावीकडे मागे असल्यामुळे बहुधा उजवे इंजिन आधी. बटण दाबले, आतले चक्र फिरू लागले, काटा बारा टक्क्यांच्या वर स्थिर झाला, मग इंधनाची दांडी पुढे सरकली आणि क्षणभराने एक खोल, भरीव घरघर अंगभर पसरली. या अवधीत कॅप्टनांची नजर एकाच तबकडीवर खिळलेली होती, ती तप्त वायूच्या तापमानाची. बॅटरी अशक्त असेल आणि चक्र पुरेशा वेगाने फिरण्याआधीच इंधन सोडले गेले, तर तापमान एक हजार अंशांच्या सीमेपलीकडे जाते आणि काही सेकंदांत लक्षावधी रुपयांची पाती निकामी होतात. “मालकाला अपघात दिसतो, पण त्याचा खर्च जास्त होतो तो इथे,” कॅप्टन म्हणाले. “विमान जागचे हललेलेही नसते.”

सनद आणि तास

आता पात्रतेचा प्रश्न, जो वाचकांना रूक्ष वाटण्याचा संभव आहे. पण त्यात एक मौज दडलेली आहे, आणि ती वजनाची आहे.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सारे सी.पी.एल. म्हणतात, तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. अठरा वर्षे पूर्ण झालेली असावीत. बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित घेतलेल्या मुलांसाठीच ही वाट वर्षानुवर्षे खुली राहिली. हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान आणि यंत्रज्ञान या विषयांत प्रत्येकी सत्तर टक्के गुण हवेत. डोळे, कान, हृदय आणि रक्त यांची झडती घेऊन पहिल्या श्रेणीचा वैद्यकीय दाखला मिळवायचा आणि तो मुदतीत राखायचा. बिनतारी संभाषणाचा परवाना निराळा; त्याची तोंडी परीक्षा दूरसंचार खात्याने इतकी वर्षे घेतली आणि तिची धास्ती मुलांना उड्डाणापेक्षाही अधिक वाटत आली आहे. आणि या सर्वांवर दोनशे तासांचे उड्डाण: त्यांपैकी शंभर तास विमानाचे अधिपत्य स्वतःकडे, त्यांत तीनशे सागरी मैलांची एक लांब फेरी, शिवाय उपकरणांच्या आधारे केलेले आणि रात्रीचे तास ठरल्याप्रमाणे. घरच्या शेताचा तुकडा किंवा आईचे दागिने या दोनशे तासांत विरघळून गेल्याच्या हकिकती महाराष्ट्रातल्या कोणत्याही उड्डाणशाळेच्या ओसरीवर ऐकायला मिळतात. या खर्चाचा आकडा अर्ध्या कोटीच्या आसपास घुटमळतो, आणि नोकरीची हमी त्यात धरलेली नसते.

या दोनशे तासांतले बहुतेक तास एका इंजिनाच्या विमानावर जातात. शेवटी काही तास सेनेका, डीए-४२ अथवा टेकनाम अशा दोन इंजिनांच्या हलक्या विमानावर काढून ती पात्रता परवान्यावर चढवून घेतात. त्यानंतर किंग एअरची वेळ. त्याच्या यंत्रणांचा वर्ग, त्याची लेखी परीक्षा, सिम्युलेटरवर किंवा प्रत्यक्ष विमानावर तालीम, परीक्षकाची तपासणी, आणि मग परवान्यावर त्या नमुन्याची नोंद. रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीने तर एके काळी किंग एअर सी-९० हेच शिकवण्याचे विमान म्हणून बाळगले होते, आणि त्या काळातले विद्यार्थी अजूनही त्याविषयी थोड्या तोऱ्याने बोलतात.

आता वजनाची मौज. जगभरच्या नियमावल्यांत ५,७०० किलोग्रॅम ही एक सरहद्द आहे. अमेरिकन हिशेबाने ती १२,५०० पौंड. या सीमेच्या आत असलेल्या लहान विमानाचे व्यावसायिक अधिपत्य सी.पी.एल. घेतलेला वैमानिक करू शकतो. सीमा ओलांडली की दीड हजार तासांनंतर मिळणारी श्रेष्ठ सनद, ए.टी.पी.एल., पुढे येते. बी-२०० चे कमाल वजन किती? नेमके १२,५०० पौंड, म्हणजे ५,६७० किलोग्रॅम. कायद्याची भिंत जिथे उभी आहे तिथे अभियंत्यांनी पाठ टेकून विमान उभे केले, हे आकड्यांकडे नुसते पाहिले तरी ध्यानात येते. थोरले ३५० हे पंधरा हजार पौंडांचे. त्याला अमेरिकेतही त्या नमुन्याची स्वतंत्र पात्रता लागते. उलट बी-२०० तिकडे, दोन इंजिनांची व उपकरणांच्या उड्डाणाची पात्रता असलेला खासगी मालक उच्च आकाशाचे शिक्षण घेऊन एकटाच चालवू शकतो. कायदा असा सैल असला तरी विमा कंपनी तशी नसते. दरवर्षी सिम्युलेटरवर हजेरी लावल्याखेरीज ती कागदावर सही करीत नाही, आणि त्यामुळे पुष्कळ मालक-वैमानिकांचे खरे महासंचालनालय म्हणजे त्यांचा विमा दलाल.

आपल्याकडे भाड्याच्या किंवा मान्यवरांच्या उड्डाणावर दोघे बसतात, आणि येथून उजव्या आसनाचे दुःख सुरू होते. विमान एकट्याने चालवण्यास प्रमाणित असून केवळ देशाच्या नियमामुळे सहवैमानिक घ्यावा लागत असेल, तर त्या सहवैमानिकाच्या तासांपैकी वरच्या सनदेसाठी निम्म्याहून अधिक धरू नयेत, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मूळ कलम सांगते; विमान दोघांसाठी सज्ज असून दोघांच्या रीतीने चालवले जात असेल, तर पूर्ण श्रेय देण्याची मुभा देशाला आहे. बाहेर पाऊस असताना, रडारच्या पडद्यावर ढग चुकवीत, बिनतारी संभाषण सांभाळीत आणि कॅप्टनच्या प्रत्येक कृतीची पडताळणी करीत काढलेला तास कागदावर पूर्ण उमटणार की अर्धा, हा त्या मुलीच्या आयुष्यातला अत्यंत व्यावहारिक प्रश्न आहे. तिची तासवही मी चाळली. अक्षर सुवाच्य, बेरजा पेन्सिलीने.

“एअरलाइनचे बोलावणे आले तर जाल का?” असे मी तिला विचारले.

“जाईन,” ती म्हणाली. “पण सर म्हणतात तसे, तिथे गेल्यावर इतकी कामे एकदम पुन्हा शिकायला मिळणार नाहीत.”

निरुद्योगी पाय

दोन इंजिने असली की एक बंद पडले तरी दुसरे तारून नेईल, ही सामान्य प्रवाशाची श्रद्धा असते, आणि वर उंचावर, निवांत वेगात, ती बरीचशी खरीही आहे. परंतु धावपट्टी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत हीच गोष्ट किती अवघड होते, हे समजून घेतल्याखेरीज या वैमानिकांच्या शिक्षणाचे मर्म कळत नाही.

एक इंजिन थांबले म्हणजे विमानाची निम्मी शक्ती जाते, पण चढण्याची शक्ती निम्म्याहून पुष्कळ अधिक जाते. बी-२०० दोन्ही इंजिनांवर समुद्रसपाटीला मिनिटाला सुमारे चोवीसशे फूट चढते. एकावर हा आकडा सातशेच्या आसपास येतो, आणि तोही पाते वेळेवर आडवे फिरवून वाऱ्याला त्याची केवळ धार दाखवली तर. तसे न केल्यास थांबलेला पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. शिवाय एका पंखावर ओढ आणि दुसऱ्यावर अडथळा अशी असमान स्थिती झाल्याने विमानाचे नाक मेलेल्या बाजूला वळू लागते. ते रोखायला शेपटीचे रडर हवे, रडरला वेग हवा, आणि ठराविक किमान वेगाच्या खाली गेल्यास कितीही जोराने पाय दाबला तरी विमान ऐकत नाही. बी-२०० च्या बाबतीत हा वेग ८६ नॉट. दोन्ही पंखे मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असल्यामुळे उजव्या पंख्याची ओढ मध्यरेषेपासून अधिक दूर पडते. म्हणून डावे इंजिन बंद पडणे हे उजवे बंद पडण्याहून वाईट.

कोणते इंजिन गेले हे ओळखण्याची वैमानिकांची रीत तबकड्यांवर विसंबून नाही. ती पायांवर आहे. विमान सरळ ठेवण्यासाठी ज्या पायाला जोर लावावा लागतो त्या बाजूचे इंजिन जिवंत, आणि जो पाय निरुद्योगी झाला त्या बाजूचे मेलेले. एवढे कळल्यावर हात ताबडतोब दांड्यांकडे धावतो, आणि धोका नेमका तिथेच असतो, कारण घाईत जिवंत इंजिनाची दांडी मागे ओढणारे वैमानिक विमान वाहतुकीच्या इतिहासात कमी नाहीत. म्हणून ओळखणे, खातरजमा करणे आणि मगच पाते फिरवणे हा क्रम रोज घोकवून घेतात. किंग एअरमध्ये पाते आपोआप फिरवणारी आणि रडरला आपणहून जोर देणारी यंत्रणा असते. कॅप्टन तिच्याविषयी आदराने बोलले, पण उड्डाणापूर्वी ती तपासताना त्यांच्या चेहऱ्यावर विश्वासाचा लवलेश नव्हता.

सिम्युलेटरवर हे प्रसंग मनुष्यहानीशिवाय घडवता येतात. किंग एअरच्या तालमीचे जुने पीठ म्हणजे विचिटा. तेथे कॅप्टन एकदा गेले होते. प्रशिक्षकाने धूर, अंधार, बर्फ आणि इंजिनबंदी यांचा मारा इतक्या सराईतपणे केला की बाहेर आल्यावर त्यांना प्रत्यक्ष आकाश सौम्य वाटू लागले. प्रावीण्याची तपासणी मात्र एकदाच्या तालमीने संपत नाही. ती सहामाहीने पुन्हा उभी राहते, आणि पंचवीस वर्षे उडणारा माणूस तिच्या आदल्या रात्री पुन्हा विद्यार्थी होतो.

इंजिनाचा आवाज होतो, तसा हवेच्या दाबाचा होत नाही. ४ सप्टेंबर २००० रोजी ऑस्ट्रेलियात पर्थहून खाणकामगारांना घेऊन लिओनोराकडे निघालेले एक किंग एअर २०० ठरलेल्या उंचीवर थांबलेच नाही. वैमानिकाचे बोलणे असंबद्ध झाले, मग थांबले, आणि विमान स्वतःच्या मार्गाने जवळजवळ सारे खंड ओलांडून क्वीन्सलंडमधल्या बर्कटाउनजवळ कोसळले. आठही जण गेले. केबिनमधला दाब नाहीसा होऊन प्राणवायूअभावी सर्वांची शुद्ध हरपली असावी, असा तपासाचा कल होता. या प्रकरणाची माहिती कॅप्टनांना तोंडपाठ होती, आणि वर चढताना दाबाच्या तबकडीवर बोट ठेवून ते सहवैमानिकेकडून आकडा मोठ्याने म्हणवून घेतात, याचे मूळ त्या प्रकरणात आहे.

गावोगावच्या धावपट्ट्या

मोठ्या कंपनीच्या वैमानिकामागे नियोजन कक्ष, इंधन खाते, सामान खाते, हवामान खाते असा लवाजमा उभा असतो. येथे लवाजमा नाही. आदल्या संध्याकाळी प्रवाशांची यादी फोनवर येते, तीत पाच नावे असतात, आणि सकाळी गाडीतून सात माणसे उतरतात. मार्गाचा आराखडा दाखल करणे, हवाई संरक्षणाचा आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक घेणे, मद्यपरीक्षेच्या नळीत फुंकणे, धावपट्टीवर कामकाजाचे तास किती आहेत याची चौकशी करणे, पेट्या उचलून मागच्या कप्प्यात रचणे, थर्मास भरला की नाही ते पाहणे आणि उतरल्यावर चाकांना ठोकळे लावणे, ही सगळी कामे या दोघांची. एका मालकाच्या आईला विमानात चढताना हात देणे हेही त्यांचेच काम, आणि म्हातारीच्या आशीर्वादाचा कॅप्टनांनी मोठ्या समाधानाने उल्लेख केला.

या विमानाचे खरे राज्य म्हणजे जिल्ह्याच्या गावांच्या धावपट्ट्या. जेटला लांब पट्टी आणि उंच आकाश लागते. मुंबई ते मराठवाडा किंवा विदर्भ एवढ्या पल्ल्याला उंच चढण्याआधीच उतरायची वेळ येते, आणि तेथे हे पंखेवाले विमान कमी इंधनात जवळजवळ तेवढ्याच वेळात जाऊन पोहोचते. पंखा उलट्या कोनात फिरवून ते आखूड जागेत थांबूही शकते. मात्र पट्टीवर खडी सुटलेली असली तर हीच सोय अंगाशी येते, कारण उलट वाऱ्याने उडालेले खडे पात्यांनाच खातात. उतरण्याआधी एक फेरी मारून गुरे, कुत्री आणि क्रिकेटचे सामने यांची पाहणी करणे हा अनेक ठिकाणी लिखित नसलेला पण सर्वमान्य नियम आहे.

अशा पट्टीवर इंधन मिळत नाही, हा खरा अडथळा. परतीचे तेल जातानाच घ्यायचे. बी-२०० च्या टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारे साडेसोळाशे किलो होतात. विमानाचे स्वतःचे वजन, दोघे वैमानिक आणि हे तेल मिळून ५,६७० मधून जे शिल्लक उरते त्यात पोट सुटलेले दोन प्रवासीही मावणे कठीण. म्हणजे आसने नऊ असली तरी माणसे किती न्यायची ते आसने ठरवीत नाहीत, तेल ठरवते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या दुपारी हवा इतकी विरळ होते की हिशेब आणखी आवळावा लागतो; म्हणून शहाणे वैमानिक पहाटेची वेळ मागतात आणि यजमान मंडळी नाश्त्याचा आग्रह धरतात.

पावसाळ्याविषयी कॅप्टन फार बोलले. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढगांचा थर सलग असतो आणि त्या थराच्या पोटात गडगडाटी ढगाचा स्तंभ दडलेला असू शकतो. बाहेरून सारे सारखेच राखाडी दिसते, आणि फरक दाखवते ते नाकातले रडार. सोळा-सतरा हजार फुटांच्या वर पाणी गोठण्याची पातळी येते. तेव्हा पंखांच्या पुढच्या कडांवर बसवलेले रबरी पट्टे हवेने फुगवून बर्फ फोडतात, आणि इंजिनात जाणाऱ्या हवेतला बर्फ बाजूला फेकण्यासाठी एक पडदा खाली सोडतात. वळिवाचे ढग त्यापेक्षा प्रामाणिक असतात, असे त्यांचे मत. ते दुरून दिसतात.

रुग्णवाहू उड्डाणाची गोष्ट निराळी. आसने काढून स्ट्रेचर बसवलेले असते, प्राणवायूच्या नळकांड्या, डॉक्टर, एक नातेवाईक. डोक्याला मार लागलेल्या किंवा फुप्फुसाभोवती हवा साठलेल्या रुग्णाला उंचीवरची विरळ हवा सोसत नाही. डॉक्टर सांगतात, केबिनमध्ये जमिनीवरचाच दाब हवा. या विमानाच्या भिंती आतबाहेरच्या दाबातला जो फरक पेलतात त्यानुसार पंधरा हजार फुटांच्या आसपासच असा दाब राखता येतो. म्हणजे पंचवीस हजारांवर सुखाने, थोड्या तेलात जाणारे विमान खाली, ढगांच्या गर्दीत, अधिक तेल जाळीत न्यायचे. एका माणसाच्या मेंदूतली सूज मार्ग, उंची, इंधन आणि थांबा असे सगळे ठरवते. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्ण घेऊन निघालेल्या एका सी-९० चे चाकच उड्डाणाच्या वेळी निखळून पडले. वैमानिकांनी ते मुंबईला आणले, चाके खाली न सोडता, फेस पसरलेल्या धावपट्टीवर रात्री पोटावर उतरवले, आणि आतले पाचही जण सुखरूप बाहेर आले.

नकार

सर्वच कहाण्यांचा शेवट असा नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांना दिल्लीहून कानपूरकडे नेणारे सी-९० खराब हवेत मैनपुरीजवळ कोसळले आणि आठजण मृत्युमुखी पडले. २२ डिसेंबर २०१५ रोजी सीमा सुरक्षा दलाचे बी-२०० रांचीला निघताच दिल्लीत द्वारकेजवळ पडले; दहा गेले. आणि २८ जून २०१८ च्या पावसाळी दुपारी जुहूहूनच चाचणीसाठी उडालेले एक सी-९० घाटकोपरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी आदळले. आतले चौघे गेले, आणि रस्त्याने जाणारा एक पादचारीही, ज्याचा या साऱ्या व्यवहाराशी काहीही संबंध नव्हता. जुहूच्या हँगरांत या शेवटच्या घटनेविषयी कोणी आपण होऊन बोलत नाही. विचारले तर उत्तर देतात, आणि उत्तर देताना हातातले काम थांबवतात.

मान्यवरांच्या उड्डाणांसाठी महासंचालनालयाच्या स्वतंत्र सूचना आहेत. वैमानिकाचा अनुभव, विमानाची देखभाल, हवामानाची मर्यादा यांचा त्यांत ऊहापोह आहे. पण कोणत्याही सूचनावलीत न मावणारा एक प्रसंग या वैमानिकांवर वारंवार येतो. सभा पाचची आहे, धावपट्टीपासून मंडपापर्यंत माणसे उभी आहेत, स्वीय सहायक घड्याळ दाखवीत आहे, आणि जिथे उतरायचे तिथे दृश्यता पाच किलोमीटरांच्या खाली आली आहे. पट्टीवर उपकरणांची सोय नाही. जमीन डोळ्यांनी दिसेल तरच उतरता येते. अशा वेळी मोठ्या कंपनीचा वैमानिक कंपनीच्या नावाने नाही म्हणतो, आणि प्रवासी त्याचा चेहराही पाहत नाहीत. या लहान विमानात नाही म्हणणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये पडदासुद्धा नसतो, आणि ऐकणारा बहुधा पगार देणारा असतो. माझ्या मते पंधराशे तासांची सनद जी गोष्ट मोजू शकत नाही ती हीच आहे, आणि महासंचालनालयाच्या परीक्षेत तिचा पेपर काढता आला तर पुष्कळ सुवर्णपदकविजेते नापास होतील.

कॅप्टनांची रीत अशी, की नकार निघण्यापूर्वीच्या रात्री पेरून ठेवायचा. “साहेब, चार वाजेपर्यंत हवा उघडली नाही, तर आपण संभाजीनगरला उतरू, पुढे गाडी, गाडी मी आताच सांगून ठेवतो,” असे आदल्या दिवशी म्हटले की साहेबांना दुसऱ्या दिवशी अपमान वाटत नाही, उलट दूरदृष्टीचे श्रेय ते स्वतःकडेही घेऊ शकतात. सहवैमानिकेलाही त्यांनी एक मुभा देऊन ठेवली आहे: तिने एकदा ‘परत फिरू’ म्हटले की चर्चा जमिनीवर, फेरी मारल्यावर नाही. ती मुभा तिने आजवर वापरली का, असे मी विचारले. दोघेही हसले, उत्तर मिळाले नाही.

मी निघण्याच्या सुमारास फोन वाजला. दुसऱ्या दिवशीच्या मराठवाड्याच्या फेरीविषयी कारखान्याचे स्वीय सचिव बोलत होते. पाचांचे सात झाले होते, शिवाय पंचांग, शाली आणि मिठाईच्या पेट्या.

“पेट्या किती किलोच्या?” कॅप्टनांनी विचारले. पलीकडून काही सांगण्यात आले. त्यांनी वहीच्या कोपऱ्यात बेरीज केली, सहवैमानिकेने ती तपासली आणि मान हलवली.

“नाही हो, बसणार नाही. तिथे तेल मिळत नाही, परतीचे इथूनच न्यायचे आहे. दोघांना आज रात्रीच्या देवगिरीने पाठवा. आणि मिठाई पण त्यांच्याबरोबरच जाऊ द्या.”

पलीकडे थोडी कुरकुर झाली असावी. मग सचिवांनी विचारले, देवगिरी सीएसएमटीहून किती वाजता सुटते. आणि ते मात्र दोघांपैकी कोणालाही माहीत नव्हते.